नानांचा जबाब

माझ्या अंगात धीर म्हणून नाही. सिग्नलला गाडी उभी असली तरी बोटं हँडलवर ताल धरतात. लग्नांमध्ये मोठ्या एलईडी भिंतीवर लाइव्ह व्हिडिओ चालवायचं माझं काम. जळगावात हे काम बाई करते म्हटल्यावर लोक आधी टेबलामागे कुणी भाऊ बसलाय का ते शोधतात, आणि मी मान वर न करता म्हणते, "मीच आहे, बोला." नवरीनं पायरीवर पाऊल ठेवलं की त्याच क्षणी भिंतीवर फुलं पडली पाहिजेत. जरा उशीर झाला तरी माझ्या अंगावर झुरळ चढल्यासारखं होतं.

आबा, म्हणजे माझे वडील, सोंगाडे. एरंडोलकडच्या आमच्या गावात त्यांची सोंगांची पार्टी होती. आबा सवाल टाकायचे आणि त्यांचे जोडीदार, ज्यांना सगळं गाव नाना म्हणायचं, उलटा जबाब देऊन हशा घेऊन जायचे. लिहिलेलं काहीच नसायचं. एकमेकांच्या तोंडाकडे बघत दोघं जन्मभर बोलत राहिले. नाना गेले आणि आबांनी तोंडाला रंग लावणं सोडलं. दुसरा जोडीदार बघू म्हटलं की ते उठून गोठ्याकडे चालू लागायचे. मला ते बघवत नव्हतं, आणि बघवलं नाही की मला राग येतो. मी आबांवर चिडायचे, गेलेल्या नानांवरसुद्धा चिडायचे.

नाना तसे गावात होतेच, ज्याच्या त्याच्या मोबाइलमध्ये. कुणी जत्रेत काढलेला व्हिडिओ, कुणी हळदीत. मी दारोदार फिरून ते गोळा केले आणि नानांचा एकेक जबाब कापून वेगळा काढला. आबांनी स्टेजवर सवाल टाकायचा आणि मी मागच्या भिंतीवर त्याला बसेल असा नानांचा जबाब लावायचा, असं माझ्या डोक्यात होतं. धुळ्याला लोककलावंतांचा मेळावा होता, तिथलं बोलावणं आलं होतं. आबा पुष्कळ दिवस हो म्हणेनात. शेवटी म्हणाले, "करसू. पन एक डाव जरी नाना चुकना ना बाई, ते मी तठेच रंग पुसी टाकसू. मंग परत नाव काढानं नही."

"मग सवाल कोणते ते आधी ठरवा."

"मी कोठे जासू ते माले काय माहीत?"

झालं! लग्नात कशामागून काय येणार ते ठरलेलं असतं. इथे शेकडो जबाबांपैकी कुठला केव्हा लागेल याचा पत्ता नाही, आणि लागेल तेव्हा तो लगेच आला पाहिजे. मोबाइलचा व्हिडिओ म्हणजे पेटीत दाबून घडी घातलेलं पातळ. मधली नक्षी बघायची तर आधी घड्या मोडत बसावं लागतं, आणि तेवढ्यात आबांचा सवाल हवेत विरून जातो. म्हणून मी सगळे जबाब अशा प्रकारात बदलून घेतले की प्रत्येक चित्र सुटं राहील, घडी मोडायची गरजच नाही. पण त्यानं फाइली फुगून ढब्बू झाल्या. कॉम्प्युटरचं ओझं उतरलं ते सगळं डिस्कवर जाऊन बसलं. माझ्या जुन्या फिरत्या हार्ड डिस्कला ते झेपेना, नाना तोंड उघडून तसेच उभे राहायला लागले. मग नवी एसएसडी आणली, न फिरणारी, झटपट वाचणारी डिस्क. तिच्यात फक्त नाना, दुसरं काही नाही. तीही भरून टाकली नाही, मोकळी जागा ठेवली. मधे हब नको, केबल थेट लॅपटॉपला. दुपारच्या उन्हात ती तापून मंदावते हे कळल्यावर तिच्याखाली पंखा लावला. महिनाभर मी रोज काहीतरी बदलत होते. सगळं नीट चालत असतानाही बदलत होते. नवरा म्हणाला, "आता हात लावू नकोस." मी त्याच्यावर खेकसले.

धुळ्याला आम्ही दुपारी पोचलो. मी एलईडी भिंतीच्या वायरी बघायला गेले आणि परत येऊन बघते तर विंगेत आबांनी पूजा मांडलेली. कार्यक्रमाआधी वाद्यांची पूजा हा पार्टीचा रिवाजच. ढोलकी, हलगी, पेटी, आणि त्यांच्या रांगेत माझी एसएसडी! तिच्यावर हळद, कुंकू, वर झेंडूचं फूल. कुंकू नुसतं वर नव्हतं, केबल जिथे लागते त्या तोंडातही गेलं होतं. वर पाण्याचे शिंतोडे.

"आबा! हे काय केलं?"

"नाना शे ना तिन्हामा," आबा म्हणाले. "पूजा कऱ्याबिगर तो बोली कसा?"

मी इतक्या जोरात ओरडले की ढोलकीवाले काका बाहेर निघून गेले. आबांचा चेहरा पडला. अर्धा रंग लावलेला होता, त्यात ते आणखीनच केविलवाणे दिसले. मला वाईट वाटलं, पण थांबून बोलायला वेळ कुठे होता? ब्रशनं साफ केलं, फुंकर मारली, केबल जोडली. डिस्क दिसायची आणि नाहीशी व्हायची. अशा डिस्कच्या भरवशावर आबांना स्टेजवर कसं सोडायचं?

जुन्या फिरत्या डिस्कवर सगळ्याची नक्कल होती. ती लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवर घ्यायची, पण तिथे लग्नांनी जागा अडवलेली. घरोघरी पोचती झालेली लग्नं मी धडाधड पुसली आणि कॉपी लावली. स्क्रीनवरची पट्टी सरकता सरकेना. मी उभी राहिले, बसले, विंगेत येरझाऱ्या घातल्या. आतल्या डिस्कवर लॅपटॉपचं स्वतःचंही काम चालतं, त्यानं ऐन वेळी मधे हात घालू नये म्हणून नेट, अपडेट, व्हायरसची तपासणी, सगळं बंद केलं. बाहेर आबांचं नाव पुकारलं तेव्हा पट्टी नुकतीच पूर्ण झाली होती. आबांनी जाताना माझ्याकडे बघितलं. मी होकाराची मान हलवली.

पहिला सवाल पडला. मी कळ दाबली आणि नाना बोलले, अगदी ठेक्यात. सभागृह हसलं. दुसरा, तिसरा. जबाब नसेल तेव्हा भिंतीवर नाना नुसतेच कान खाजवत ऐकत उभे असायचे, तेवढा तुकडा मी पुन्हा पुन्हा फिरत ठेवला होता. आबांचे पाय हलके झाले. ते सवालांत बायकोवर गेले, पुढाऱ्यांवर गेले, कापसावर गेले आणि नाना प्रत्येक ठिकाणी त्यांच्या आधी तिथे हजर. मी हसत होते आणि दाबत होते.

मग आबांनी लोकांकडे पाठ केली. भिंतीकडे तोंड करून जरा हळू आवाजात विचारलं, "भो, तठे मानसे हासतस का रे?"

याला जबाब नव्हता. तसा एक होता, "तुले काय करनं शे?", कुठल्याही सवालाला बसणारा. बोट त्याच कळेवर होतं. दाबलं असतं तर हशा पिकला असता आणि नाना चुकले नसते. पण आबा हशासाठी विचारत नव्हते. मी बोट उचललं. भिंतीवर नाना कान खाजवत ऐकत राहिले.

आबांनी नानांकडे बघून मान डोलावली. मग म्हणाले, "बरं. मी तठे उनू का मंग सांग."

आणि लोकांकडे वळून त्यांनी पुढचा सवाल टाकला. त्याचा जबाब माझ्याकडे होता, पण मला डोळ्यांपुढच्या कळाच दिसेनात. नानांना उशीर झाला. आबांनी तोंडावरचा रंग पुसला नाही. ते वाट बघत उभे राहिले.