भाऊच्या फोनवर येणारे आकडे

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. भाजीवाल्याने आपणहून मूठभर मिरच्या जास्त टाकल्या, तर मी भरिताची वांगी पुन्हा उलटून बघतो. बायको याला आजार म्हणते. मी सावधपणा म्हणतो.

जळगावला आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या शेजाऱ्यांच्या पॅनकार्डावर कोणीतरी परस्पर महागडा मोबाइल हप्त्यावर उचलला. हप्ते थकले, आणि शेजाऱ्यांना ते कळलं केव्हा, तर बँकेने घराचं कर्ज नाकारलं तेव्हा. आपण कोणाकडून काय उचललं आणि कसं फेडलं, याची कुंडली क्रेडिट रिपोर्टमध्ये असते. ती बिघडलेली निघाली. "झेरॉक्स कुठे दिली होती, तेच आठवत नाही हो," असं ते जिन्यात उभे राहून सांगत होते. मला मात्र माझ्या झेरॉक्सा कुठे आहेत ते लगेच आठवलं आणि मनात पाल चुकचुकली. त्या सगळ्या धुळ्याला भाऊकडे होत्या.

भाऊ म्हणजे माझा थोरला भाऊ. धुळ्यात त्याचं विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं दुकान आहे. वडील गेल्यावर गॅस, रेशन, शेताचे उतारे, बँक, सगळं त्यानेच केलं. घरात पहिला मोबाइल त्याने घेतला, म्हणून सगळ्यांच्या खात्याला त्याचाच नंबर लागला. पुढे आमच्या हातात त्याच्याहून चांगले फोन आले, तरी नंबर बदलायचं कोणी मनात आणलं नाही. आमच्याकडे थोरल्याचा नंबर देणं म्हणजे घर एक आहे असं सांगणं. मी इथे कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागलो, तरी पगार जमा झाल्याचा मेसेज धुळ्याला जायचा. मग भाऊचा फोन यायचा. "पगार उना रे." एवढंच म्हणून तो ठेवून द्यायचा.

इतकी वर्षं मला त्यात काही वाटलं नव्हतं. आता वाटायला लागलं. घरातल्या सगळ्यांच्या झेरॉक्सा भाऊ एका पिशवीत घालून दुकानात खिळ्याला टांगून ठेवायचा. ती पिशवी डोळ्यांपुढून हलेना. दुकानात दिवसभर कोणीही येतं, कोणीही बसतं. त्यात पुतण्याने नुकतीच नवी मोटारसायकल घेतली होती. कुठून घेतली, कशी घेतली, मी विचारलं नव्हतं. भाऊवर माझा संशय होता का? होता. लाज वाटत होती, पण होता. ज्याच्या जिवावर शिकलो, त्याच्याकडे माझी कागदं सुरक्षित आहेत की नाहीत, एवढं एकदा कळलं की मी सुटणार होतो.

शेजाऱ्यांच्या प्रकरणानंतर मी मोबाइलवर काहीबाही शोधत बसलो होतो. त्याचा वास लागावा तसा एका कंपनीचा फोन आला. बाई गोड बोलत होत्या. "सर, तुमच्या नावावर कोण कर्ज घेतंय, तुम्हाला माहितेय का? आम्ही वर्षभर लक्ष ठेवू. काही हललं की लगेच कळवू." मग लगेच, "सर, आपला पॅन नंबर सांगता?" माझी चोरी होऊ नये म्हणून चोराला लागतं तेच या बाईंना हवं होतं. मी फोन ठेवला.

पण फोन ठेवून गप्प बसणारा मी नव्हे. कंपनी खरी होती, हे दहा जागी तपासलं. वर्षाचे पैसे एवढे होते की त्यात बायकोला नवा मिक्सर आला असता, आणि हे तिनेच मला सांगितलं.

"चोर शिरू देणार नाहीत का ते?" तिने विचारलं.

"नाही. शिरला की सांगतील."

"मग सांगायचे पैसे कसले? रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट बघता येतो, मी वाचलंय. तो बघा आणि झोपा."

"वर्षातून एकदा? मधल्या काळात काय झालं तर?"

"मधल्या काळात तुम्ही आहात ना जागे," ती म्हणाली आणि आत गेली.

शेवटी ठरवलं, की आधी फुकटचा रिपोर्ट बघायचा आणि त्यात काळंबेरं निघालं तर वर्षाचा पहारा विकत घ्यायचा. भाऊला यातलं काही कळू द्यायचं नाही. दुपारी दार लोटून बसलो. नाव, जन्मतारीख, पॅन, सगळं भरलं. बँकेत नोंदलेल्या नंबरावर ओटीपी पाठवलाय, असं पडद्यावर आलं. मी फोनकडे बघत बसलो. काही येईना. आणि मग ध्यानात आलं, बँकेत नंबर भाऊचाच होता.

तेवढ्यात फोन वाजला. भाऊच होता.

"मना फोनवर आकडा उनात. तुना शेतस का?"

खोटं बोलायचं सुचलंच नाही. "हा, मनाच शेतस."

"लिखी ले," म्हणाला, चष्मा लावेपर्यंत मला थांबवलं आणि एकेक आकडा सावकाश वाचून दाखवला. मग परत एकदा वाचला, चुकू नये म्हणून. कशाचे, कशाला, काही विचारलं नाही. "जेवना का?" विचारलं आणि ठेवून दिला.

रिपोर्ट उघडला. स्वच्छ होता. मी स्वतः घेतलेलं आणि फेडलेलं एक जुनं कर्ज, बाकी काही नाही. मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलंही, पण क्षणभरच. भाऊ चोर नव्हता. पण ज्याने मला काही न विचारता आकडे वाचून दाखवले, तो उद्या बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्या कुठल्याही भामट्याला असेच, चष्मा लावून, दोनदा वाचून दाखवणार. आणि मी पैसे भरून पहारा बसवला असता, तरी त्याची शिट्टी वाजणार होती ती भाऊच्याच फोनवर. पैसे भरायचा विचार तिथेच संपला. नंबर मात्र बदलायलाच हवा होता.

खातं धुळ्याच्या शाखेतलं, म्हणून गेलो. आधी दुकानात जाऊन भाऊला सांगितलं. फसवणुकीच्या गोष्टी सांगितल्या, शेजाऱ्यांचं सांगितलं. तो तारेचं वेटोळं हातात धरून ऐकत होता. माझं बोलून झाल्यावर त्याने एकच विचारलं.

"वायला निंघना का तू?"

वायला निघणं म्हणजे वेगळं होणं. आमच्याकडे भावाभावांत वाटणी होते तेव्हा हे बोलतात. शेताची वाटणी आम्ही कधी केली नाही, चूल नोकरीपायी लांब गेली तेव्हाही हे कोणी बोललं नव्हतं. मी म्हणालो, "तसं नही, भाऊ. फक्त नंबर शे." त्याने वेटोळं खाली ठेवलं, खिळ्यावरची पिशवी काढली, माझ्या झेरॉक्सा वेचून वेगळ्या केल्या आणि माझ्या हातात दिल्या. दुकानात बसलेलं गिऱ्हाईक हे सगळं बघत होतं. मी बँकेत गेलो आणि नंबर बदलून आलो.

परतताना पारोळ्याच्या स्टँडवर एसटी थांबली तेव्हा बायकोचा फोन आला. "झालं का काम?" मी म्हटलं, झालं. पुतण्याच्या मोटारसायकलचं तेवढं विचारायचं राहिलंच होतं, आणि आता ते विचारायची इच्छाही उरली नव्हती.

पुढच्या महिन्यात पगार जमा झाला. मेसेज माझ्या फोनवर आला. मी तो वाचला, आणि सवयीने फोन वाजायची वाट बघत बसलो. तो वाजला नाही. पहारा म्हणून ज्याचे पैसे भरायला मी निघालो होतो, तो मला इतकी वर्षं फुकट होता, आणि मीच तो उठवून आलो होतो. फार वाईट वाटलं. संध्याकाळी न राहवून मीच धुळ्याला फोन लावला.

"भाऊ, पगार उना."

पलीकडे मोटार चालू करून बघत असावेत, घरघर ऐकू येत होती. मग ती थांबली.

"मंग माले कसाले सांगस?" भाऊ म्हणाला.