डॉक्टरांच्या गाडीचे मागचे पाय

“हे घ्या ताई, तुमचा सेट. डाव्या चाकात मस्त बसला, उजव्यात खुळखुळून राह्यला.”

मंगळवारी सकाळी दुकान उघडून मी काउंटर पुसत होते, तर वानखडे डॉक्टर स्टीलचा डबा घेऊन हजर. मी मनात म्हटलं, झालं, आज बोहनी तक्रारीनंच.

मलकापुरात आमचं मोटार पार्ट्सचं दुकान आहे. बारा वर्षांपासून काउंटरवर मी बसते. आजही नवा गिऱ्हाईक आला की माझ्या डोक्यावरून आत पाहतो आणि विचारतो, “भाऊ नाहीत का?” भाऊ, म्हणजे आमचे हे, माल आणायला अकोल्याला असतात. पार्ट मलाच कळतात, हे त्याला कळायला एक चक्कर लागते. त्यामुळे माझा आवाज जरा चढाच राहतो, हे कबूल करते.

वानखडे डॉक्टर गुरांच्या दवाखान्यातून रिटायर झालेले. नांदुऱ्याजवळ गाव. दोन वर्षांपूर्वी त्यांनी एका सरकी-ढेपेच्या व्यापाऱ्याची जुनी गाडी घेतली आणि दुरुस्ती घरीच करायची असं ठरवलं. इंजिनाला स्टेथोस्कोप लावून बसतात. त्यांच्या सुमनकाकू म्हणतात, माझ्या छातीले कधी लावला नाही.

आता ब्रेकचं थोडं सांगते. जुन्या गाडीच्या मागच्या चाकात लोखंडी पातेल्यासारखा ड्रम असतो. त्याच्या आत चंद्रकोरीसारखे वाकलेले दोन शू. पेडल दाबलं की शू फाकतात, ड्रमला घासतात, चाक थांबतं. दोन चाकांचे मिळून चार शू, म्हणजे एक सेट. शू लहान पडला तर ब्रेक लागत नाही. मोठा झाला तर ड्रमच चढत नाही. बस, एवढंच.

डॉक्टरांना हे काम शुक्रवारच्या आत हवं होतं. शुक्रवारी बुलढाण्याला गाडीचं पासिंग होतं. गाडीला वीस वर्षं झालेली. पास नाही झाली तर भंगारात जाणार, मुलानं तसं बजावूनच ठेवलं होतं. आणि काकूंचे गुडघे असे, की एसटीची पायरी चढता येत नाही. “गाडी गेली तं सुमन घरातच बसन,” डॉक्टर सोमवारीच म्हणाले होते. तेव्हा त्यांनी डाव्या चाकाचा जुना शू सॅम्पल म्हणून आणला, मी कॅटलॉग पाहून सेट दिला. कॅटलॉग बरोबर, सॅम्पल बरोबर. आता खुळखुळायचं कारणच काय?

“डॉक्टर, तुमचंच चुकलं,” मी म्हटलं. “स्प्रिंगा उलट्या लावल्या असतील.”

कागदावर चित्र काढून दिलं, तोच सेट परत पाठवला. डॉक्टर चित्र घडी करून खिशात ठेवून गेले. भांडत नाहीत, हाच त्यांचा दोष.

बुधवारी पुन्हा आले. या वेळी उजव्या चाकाचा जुना शू आणला होता. मी मापून पाहिला तर कॅटलॉगपेक्षा मोठा! हा तर त्याच कंपनीच्या व्हॅनचा शू. मला भयंकर राग आला. म्हटलं, सोमवारी भलत्याच गाडीचं सॅम्पल आणलं होतं तुम्ही. पहिला सेट त्यांनी डाव्या चाकातून काढून, पुसून, खोक्यात घालून आणला होता. खोक्यावर माझा पिवळा टिपका होता म्हणून परत घेतला. आमच्याकडून गेलेल्या प्रत्येक वस्तूवर ऑइल पेंटचा टिपका असतो, म्हणजे दुसऱ्या दुकानाची वस्तू कोणी आमच्या गळ्यात मारू नये. मामाजींच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, काळातला टिपका पांढरा, माझा पिवळा. त्यांना व्हॅनचा सेट दिला आणि वर ऐकवलं की बारा वर्षांत या काउंटरवरून चुकीची वस्तू गेली नाही.

संध्याकाळी फोन. “ताई, उजवं झ्याक झालं. आता डावीकडं ड्रमच चढून नाही राह्यला.”

“डॉक्टर, गाडी एकच आहे ना तुमची?”

“हाव, एकच आहे.”

मग मात्र मी वैतागून सांगितलं, उद्या चारही जुने शू आणि दोन्ही ड्रम घेऊन या.

गुरुवारी दुपारी डॉक्टर आले. खांद्यावर पोतं, हातात व्हॅनच्या सेटचं खोकं. कंडक्टरनं पोत्यात काय आहे विचारलं, तर म्हणे गाडीचे मागचे पाय आहेत. घामानं निथळत होते, तरी हसत होते. माठातलं पाणी दिलं, खुर्ची दिली.

व्हर्नियर, म्हणजे आमची बारीक मापाची पट्टी, लावून चारही शू मापले. दोन एका मापाचे, दोन दुसऱ्या. ड्रमही तसेच. डावा गाडीचा, उजवा व्हॅनचा. म्हणून डाव्याला चाले ते उजव्याला चालत नव्हतं. आणि डॉक्टर दर वेळी आधीचा सेट इमानदारीनं परत करत, म्हणून एक चाक कायम उपाशी.

“एक पाय बैलाचा न् एक म्हशीचा,” डॉक्टर म्हणाले.

“कोण्या गाढवानं केलं हे?” मी म्हटलं आणि उजवा ड्रम फडक्यानं पुसला. काळ्या चिकट मळात अर्धवट दडलेला पिवळा टिपका निघाला.

मग मला सगळं आठवलं. काउंटरवरचं माझं पहिलंच वर्ष. ढेपेच्या व्यापाऱ्याचा ड्रायव्हर आला होता, उजवं चाक दगडावर आपटून ड्रम आणि त्यामागची प्लेट दोन्ही गेलेली. या गाडीचं सामान शिल्लक नव्हतं. गिऱ्हाईक हातचा जाऊ नये म्हणून मी जुन्या मालातून व्हॅनचं काढून दिलं आणि ठसक्यात म्हटलं, बसून जाईल. बसलंही. व्यापाऱ्याचा मिस्त्री बिचारा मुकाट्यानं दोन मापांचे शू टाकत राहिला असणार.

डॉक्टर हळूच म्हणाले, “टिपका मले मंगळवारीच दिसला होता, ताई.”

“मग बोलले काऊन नाही?”

“तुमी म्हटलं, डॉक्टर, तुमचंच चुकलं. मी म्हटलं, असंन.”

भिंतीवर माझ्याच अक्षरात पाटी आहे, ‘सेट फोडून मिळणार नाही.’ त्या पाटीकडे पाठ करून मी दोन्ही सेट फोडले आणि प्रत्येकातली एक जोडी त्यांना दिली.

शुक्रवारी दुकानात माझं लक्ष नव्हतं. बुलढाण्याहून येताना राजूर घाट उतरावा लागतो. एकाला बेअरिंगच्या जागी बेल्ट काढून दिला. दुपारी फोन वाजला तर काकू बोलत होत्या.

“पास झाली, ताई. साहेबानं ब्रेक दाबून पाह्यला, गाडी जाग्यावर उभी. घाट उतरून आलो. तुमचे लई उपकार झाले.”

मी रडायचीच बाकी होते. सगळं खरं सांगून टाकलं. काकू म्हणाल्या, “मले माहीत आहे. हे म्हणे, ताईले बोलू नको, त्यायले वाईट वाटन.”

उजवीकडचं योग्य सामान मी माझ्या पदरचं मागवून देते म्हटलं, तर डॉक्टर नको म्हणतात. आता जुळलंय, हात लावू नका.

राहिलेल्या दोन जोड्या कपाटात पडून आहेत, एक गाडीची, एक व्हॅनची. त्या खपायला हव्या तर मागचे दोन पाय वेगळे असलेली आणखी एक गाडी यायला पाहिजे. आली, तर यापुढे मी आधी ड्रम पुसणार आणि मगच गिऱ्हाइकाला बोलणार.