तळहात मोकळा

माझे वडील, अप्पा, एका दुपारी आरामखुर्चीत झोपले, उजवा दंड खुर्चीच्या लाकडी हातावर टाकून. उठले तेव्हा मनगट खाली लोंबत होतं. पंजा वर उचलवेना, बोटं उघडेनात. आईला वाटलं, अर्धांगवायूच झाला. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, दंडातली नस दबली आहे, काही महिन्यांत आपोआप सुधारेल. तोवर मनगटाला आधार हवा. मग माझ्याकडे वळून हसले, "आधार करणारी तर घरातच आहे."

कुंभकोणमच्या एका रुग्णालयात मी हातांचे स्प्लिंट बनवते. खास प्लास्टिकचा पत्रा गरम पाण्यात मऊ करायचा, हातावर बसवून आकार द्यायचा. गार झाला की तो तसाच राहतो. अप्पांनाही नेहमीचाच करून दिला. तळव्याखाली पट्टी, वर पट्टे. मनगट छान सावरलं. पण तळवा झाकला गेला आणि अप्पा चमच्यानं जेवू लागले.

"चमच्यानं सांबार-भात म्हणजे औषध घेतल्यासारखं गे," ते म्हणाले आणि अर्धं ताट ठेवून उठले.

तेवढ्यात त्यांच्या पुतण्याचं लग्न आलं. अप्पांनी जायचं नाकारलं. "केळीच्या पानासमोर बसून चमचा मागू? नको. तुम्ही जाऊन या."

मला ते फार लागलं. स्प्लिंट मी चुकीचा केला नव्हता. पण तो हाताला धरून ठेवत होता, जेवू देत नव्हता. मी नवा करायला घेतला. सगळा आधार हाताच्या वरच्या बाजूला नेला. त्यातून तारेची कमान बोटांवर काढली, कमानीला लवचीक दोऱ्या आणि दोऱ्यांना बोटं अडकवायला मऊ, धुता येणारे फास. अंगठ्याला वेगळा. बोटं मिटायची अप्पांच्या जोरावर, उघडायची दोऱ्यांच्या. पहिल्यांदा कमान उंच झाली, घास तोंडाशी नेताना नाकाला लागली. आई हसू आवरत बाजूला झाली. मी तार काढून पुन्हा वाकवली, बोटांलगत बसवली.

नंतर अप्पांनी घरीच रस्सम-भात कालवून पाहिला. घास उचलला, खाल्ला. दुसरा घास घेतला.

लग्नात ते पंगतीच्या मधोमध बसले. शेजारच्या पाहुण्यानं तमिळमध्ये विचारलं, "हे काय, कुठून आणलंत? चेन्नईहून?"

अप्पांनी हात उंच धरला, बोटं मिटून उघडून दाखवली. "माझ्या मुलीनं केलंय. इथंच, कुंभकोणमात," ते तमिळमध्ये इतक्या मोठ्यानं म्हणाले की वाढणारा थांबला. मग माझ्याकडे वळून आपल्या घरच्या मराठीत, "पायसम् वाढायला सांग गे, पानावरच!"

पानावरचं खिरीसारखं पातळ पायसम् बोटांनी निपटून खाणं अवघड, चांगल्या हातांनाही. अप्पांनी ते पूर्ण संपवलं. मी पंगतीच्या टोकाला उभी होते, आणि आजवर केलेल्या कुठल्याच कामाचा मला इतका अभिमान वाटला नव्हता.

यथावकाश नस सुधारली. एका सकाळी त्यांनी पंजा स्वतःच वर उचलला आणि दोऱ्या सोडायला मला हाक मारली. पण ती रचना माझ्याकडे राहिली. परवा दारासुरमच्या एका रेशीम विणणाऱ्या बाईंना तशीच कमान करून दिली, धोटा धरता यावा म्हणून अंगठ्याचा फास जरा तिरका. रुग्णालयातले नवे सहकारी आता मला विचारतात, "ताई, कमान किती वाकवायची?"

मी सांगते, आधी रुग्णाला विचारा, हातानं काय करायचंय.