वैनीपरीस एक जास्त

आमच्या शेतावर भोरड्या उतरल्या की भर दुपारी संध्याकाळ व्हायची. खोटं नाही सांगत. एकटी भोरडी म्हणजे काय, साळुंकीएवढं पाखरू, काळं डोकं आणि गुलाबी अंग. पण थवा आभाळात शिरला की ऊन पळून जायचं. आमच्या कोंबड्या रात्र झाली समजून खुराड्यात जाऊन बसायच्या, थवा हलला की पहाट झाली समजून बाहेर यायच्या, आणि एका दिवसाला दोनदोन अंडी द्यायच्या. शेजारीण विचारायची, "तुमच्या कोंबड्याईले काय चारता वं?"

मी म्हणायची, "अंधार चारतो."

ज्वारी हुरड्यावर आली की मी आणि माझी नणंद, आम्ही दोघी माळ्यावर. शेताच्या मधोमध चार बल्ल्या रोवून वर फळ्या टाकलेल्या असत, त्यालाच माळा म्हणायचं. दिवसभर त्याच्यावर बसायचं, गोफण फिरवायची, डबडं बडवायचं आणि कणसावर बसलेलं पाखरू उठेपर्यंत ओरडायचं. माझा आवाज असा, की मी आमच्या माळ्यावरून हाळी दिली तर तिकडं इंद्रवेल्लीच्या बाजारात बैल बुजायचे. व्यापारी दावी तोडून पळालेले बैल शोधत आमच्या दारात येत. नवरा हात जोडून त्यांना चहा पाजायचा आणि म्हणायचा, "काय करता भाऊ, मी तं रोजच घरात ऐकून राह्यलो."

नणंद माझ्याहून थोडी लहान. मी सून म्हणून त्या घरात आले तेव्हा घोडा म्हणावा तशी हुंदडायची. पहिल्याच हुरड्याला तिनं मला माळ्यावर नेलं आणि आमचा खेळ सुरू झाला.

"आज किती आल्या वं वैनी?"

"लाख."

"लाखावर एक."

"मंग कोटी."

"कोटीवर एक."

मी आकडा कुठंही नेऊन ठेवला तरी ही त्याच्यावर एक ठेवणार. एकदा मी चिडले. "तो एक कोठून आणते वं बाई तू?"

शेंगा फोडत फोडत तिनं सांगितलं, "तो मागं राह्यलेला असते. तुमचं मोजून झालं का मंग येते."

तिचं लग्न नाल्यापल्याडच्या गावात झालं. चार-पाच कोस असेल. मधे एक नाला आणि एक टेकडी. तेव्हा नाल्याच्या दोन्ही अंगाला एकच राज्य, एकच जिल्हा आणि एकच कचेरी, ती आदिलाबादची. तिच्या सासऱ्याचा जमिनीचा खटला चालू होता. दर तारखेला तो बैलगाडी जुंपायचा, सुनेला गाडीत घालायचा, आमच्या दारात उतरवायचा आणि पुढं कचेरीला जायचा. परत येताना तिला घेऊन जायचा. तेवढ्यात आमचा एखादा दिवस माळ्यावर व्हायचा. मी रोज देवापुढं हात जोडून म्हणायची, देवा, त्या माणसाचा खटला मिटू देऊ नको.

माझ्या मागण्यात दम होता. खटला मिटला नाही. राज्य मिटलं.

छप्पन साली हैद्राबादचं राज्य मोडलं. नणंदेचा किनवट तालुका त्या बाजूला, मुंबई राज्यात गेला, आमचा बोथ ह्या बाजूला, आंध्रात राहिला. कारकून वाटले गेले, दप्तरं वाटली गेली. तिकडचा सातबारा कुठं आणि आमच्याकडचा तसलाच कागद, पहाणी, ती कुठं, हे कोणाला कळेना. त्यातच तिच्या सासऱ्याचा खटलाही गाडीत बसून नांदेडला गेला. मग बैलांची तोंडंही तिकडंच वळली. टेकडीवरून येणारी गाडीवाट कोणी चालेना, तिच्यात बोरी-बाभळी उगवल्या. नवरा एकदा हुरड्याला तिला आणायला म्हणून गेला, तर सासरा म्हणाला, "आता तारीख नांदेडले असते. आदिलाबादेत आमचं काय हाय?" त्याचंही वाईट नव्हतं. त्याच्याही शेतात ज्वारी उभी, त्यालाही माळ्यावर माणूस पाहिजे. लग्नाकार्यात, मयतीत आम्ही भेटायचो. पण चार बायकांत बसून भेटणं आणि माळ्यावर पाय सोडून बसणं ह्यात फरक आहे. हुरड्याच्या दिवसात ती पुन्हा आली नाही.

मी एकटी ओरडायची. आवाज निम्मा झाला. इंद्रवेल्लीचे बैल निवांत रवंथ करू लागले.

एका वर्षी एक कासारीण बांगड्या भरायला आली. ती दोन्हीकडची गावं फिरायची. सहज म्हणाली, "तुमच्या नणंदेच्या गावात तळ्याकाठी बाभळीचं बन हाय ना, तेथी संध्याकाळी भोरड्या झोपाले येतात. इतका कल्ला, का माणसाले माणसाचं ऐकू येत नाई."

मला कळलं ते असं की आमच्या ज्वारीत दिवसभर चरणारा थवा दिवस मावळताना नाला ओलांडून जातो, तो तिच्याच गावात जातो. त्या दिवसापासून मी संध्याकाळी डबडं वाजवायचं सोडलं. पाखरं उठायची, एकदा शेतावर गिरकी घ्यायची, धुरासारखी लांबट व्हायची आणि टेकडीवरून उतरायची. दिवसभर त्यांना शिव्या घालणारी मी तेव्हा गप्प बसून पाहायची. हीच पाखरं घटकाभरानं तिच्या डोक्यावर.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी पाखरांचा साहेब आला. पुण्याकडचा होता, गळ्यात दुर्बीण, पायात शेतकऱ्याला परवडणार नाहीत असे बूट. भोरड्या दरवर्षी किती येतात, कमी होऊन राहिल्या की काय, कुठून येतात नि कुठं जातात, हे त्याला पाहायचं होतं. म्हणजे मग त्यांना वाचवता येतं, असं तो म्हणे. परवानगीसाठी त्याला दोन राज्यांच्या कचेऱ्या फिराव्या लागल्या. आमच्याकडचा जुना गिरदावर, म्हणजे तलाठ्यांवरचा अधिकारी, निजामाच्या वेळचा. त्यानं दरख्वास्त वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, "ये परिंदे किस तरफ के हैं, इधर के या उधर के?"

साहेब म्हणाला, "रशिया की तरफ के."

गिरदावर खुर्चीतून उठून उभा राहिला म्हणतात. मी तिथं नव्हते, पण त्यानं सलामही केला असं मी सगळ्यांना सांगते.

साहेब जाळं लावून थोड्या भोरड्या धरायचा, पायात कथलाचं कडं घालायचा आणि सोडून द्यायचा. त्यावरून गावात बोभाटा झाला की सरकार आता पाखरंही वाटून राह्यलं. कडंवाली तिकडची, बिनकड्याची इकडची. कारकून वाटताना पाहिलेली माणसं होती, त्यांना ते पटलं. एक म्हातारा साहेबापाशी येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "साहेब, चांगली चांगली तिकडं नका देऊ. मागच्या वाटणीत आमाले समदे खोकलणारे कारकून आले."

मोजायला साहेबानं मलाच धरलं, कारण माळा माझा. पहिल्या संध्याकाळी विचारलं, "बाई, अंदाजे किती?"

"कोटी."

"कोटी म्हणजे नक्की किती?"

"म्हणजे लय."

त्यानं कपाळाला हात लावला, पण माणूस चिकट. थव्याचा एक तुकडा नजरेत धरायचा, त्यातली पाखरं मोजायची, मग तसे किती तुकडे बसतात ते पाहायचं, असं त्यानं मला शिकवलं. मी शिकले. आणि शिकता शिकता माझ्या डोक्यात एक गोष्ट आली.

"साहेब," मी म्हणाले, "मी तं काहीच नाई. मोजावं तं माझ्या नणंदेनं. ते पाखरं नाई मोजत, पंख मोजते आणि दोनानं भागते. उडत्या थव्यात नर किती, मादी किती, सर्दी झालेले किती, समदं सांगते. नाल्यापल्याड दिली हाय. तुमी तिले इथी आणा. सरकारी काम म्हटलं का तिचा सासरा नाई म्हणणार नाई."

खरं सांगायचं तर नणंदेला कोंबडीची पिल्लं मोजतानाही पायाची बोटं लागायची. पण साहेबाचे डोळे चमकले. दुसऱ्याच दिवशी तो सायकल घेऊन टेकडीकडं निघाला.

मी कामाला लागले. माळ्याची एक फळी कुजली होती, ती नवऱ्याकडून बदलून घेतली. तो म्हणाला, "एकटीच्या वजनाले जुनी फळी पुरत नव्हती का?" मी म्हटलं, "दोघीईचं वजन हाय." कोवळी, दाणे भरलेली कणसं निवडून पाखरांपासून फडक्यात बांधून ठेवली. गोवऱ्या रचल्या. लसणाची चटणी कुटली, तिला आवडते तशी, डोळ्यात पाणी येईल अशी. मग माळ्यावर चढून टेकडीकडं पाहत बसले. त्या दिवशी भोरड्यांनी किती ज्वारी खाल्ली हे विचारू नका. मी एकही दगड मारला नाही.

दुपार कलल्यावर साहेब टेकडी उतरताना दिसला. सायकलवर एकटाच.

जवळ आला तो हसत होता. "बाई, तुम्ही किती मोठं काम केलंत. थवा झोपतो तो तुमच्या नणंदेच्याच गावात. सासरेबुवाही तयार झाले. आता तुम्ही इथून थवा निघताना मोजायचा, आणि त्याच संध्याकाळी त्यांनी तिथं उतरताना मोजायचा. दोन्ही आकडे ताडून पाहता येतील."

"मंग ते इथी कवा येईन?"

"इथं येऊन कसं चालेल? त्यांनी तिथंच बसायला हवं. रोज. दोघींपैकी एकीनंही जागा सोडायची नाही."

मी फडक्यातली कणसं सोडली. मी तरी कोणाला दोष देणार? पंख मोजून दोनानं भागणारी नणंद मीच जन्माला घातली होती. मी त्याला हुरडा भाजून दिला. चटणी खाऊन त्याच्या डोळ्यात पाणी आलं, आणि त्याचा आधार घेऊन मीही डोळे पुसले.

त्या संध्याकाळी थवा उठला. मी साहेबानं शिकवल्यासारखा एक तुकडा धरला, मग दुसरा. पाखरं टेकडीवर पोचली आणि मी मोजायचं विसरले. आता ती मान वर करून उभी असेल. हातात डबडं नसेल. मला दिसलेली शेवटची पाखरं तिला पहिली दिसतील. साहेबाला मी एक बरासा आकडा सांगून टाकला. त्यानं तो लिहून घेतला.

दुसऱ्या दिवशी तो तिकडून परत आला तेव्हा हसत नव्हता. माळ्याखाली सायकल टेकवून वर न पाहता म्हणाला, "बाई, काल तुम्ही सांगितलेला आकडा तुमच्या नणंदेला कोणी कळवला होता का?"

"कोन कळवणार? मधे टेकडी हाय."

"मी त्यांना विचारलं, किती उतरल्या. तर त्यांनी मलाच उलटं विचारलं, 'वैनीनं किती सांगतल्या?' मी म्हटलं, ते सांगता येत नाही, तुमचा आकडा वेगळा हवा. तर म्हणाल्या, 'मंग लिहा, वैनीपरीस एक जास्त.'"

मी हातातली गोफण फळीवर ठेवली.

"आता हे मी कसं लिहू?" साहेब म्हणाला. "तुम्हीच सांगितलं होतं ना, त्या पंख मोजतात म्हणून?"

"लिहा ना साहेब," मी म्हटलं. "खरं हाय ते. एक मागं राह्यलेला असते."

तो आणखी काही हिवाळे आला, मग त्याचं काम दुसरीकडं गेलं. जितके दिवस मोजणी झाली तितके दिवस तिकडून मला हाच निरोप आला, आणि साहेब बिचारा तोच आणायचा. पुढं ज्वारी गेली, कापूस आला. कापसाला राखण लागत नाही, म्हणून माळेही गेले. भोरड्या अजून येतात, पण कोंबड्या फसतील एवढ्या नाही. दिवस मावळताना त्या बांधावरच्या पळसावर थोडा वेळ बसतात आणि टेकडीकडं जातात. तिथं बाभळीचं बन राहिलं असेल की नाही, मला माहीत नाही.

मी बांधावर उभी राहून लाख म्हणते. थवा टेकडीआड जातो, आभाळ रिकामं होतं, घरातून कोणी तरी जेवायला हाक मारतं. मी लगेच जात नाही. एक यायचा असतो.