यूनची तोंडी परीक्षा

लियांग यून पहिल्यांदा आमच्या घरी आली तेव्हा मी तिला विचारलं, "चहा घेणार का?" ती सोफ्याच्या कडेला टेकली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, ओठ हलवले आणि मान खाली घातली. मी वाट पाहत राहिले. शेवटी तिने पर्समधून पेन काढलं, एका कागदावर काहीतरी लिहिलं आणि कागद माझ्यापुढे धरला. ‘तुम्हाला त्रास होणार नसेल तर मला चहा घ्यायला अतिशय आवडेल,’ असं त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं. व्याकरणाची एक चूक नाही.

ही दोन हजार तीनच्या जानेवारीतली गोष्ट, अमिरातीतल्या फुजैरातली. माझा नवरा सुदेश तिथल्या तेलाच्या टर्मिनलवर शिपिंगच्या ऑफिसात होता. लग्नाआधी मी चिपळूणच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. इथे मात्र माझ्या व्हिसावर नोकरीला मनाई असा शिक्का होता. बिल्डिंगमधली चार-पाच मुलं दुपारी घरी यायची, आणि आम्ही त्याला क्लास न म्हणता ‘खेळायला येणं’ म्हणायचो. वरच्या मजल्यावरच्या हैदराबादी नूरजहाँच्या दोन मुली त्यात होत्या. बेल अवेळी वाजली की आधी पुस्तकं सोफ्याखाली सरकायची, मग दार उघडायचं.

यूनचे वडील जहाजांची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत फोरमन होते, सुदेशच्या ओळखीतले. आई बीजिंगला हॉस्पिटलात नर्स. यून बावीस वर्षांची. तिला परदेशातल्या विद्यापीठात शिकायचं होतं आणि त्यासाठी इंग्रजीची वरच्या पातळीची परीक्षा पास होणं भाग होतं. आदल्या वर्षी ती बीजिंगला त्या परीक्षेला बसली होती. लेखी पेपर उत्तम गेले. तोंडी परीक्षेत समोर दोन परीक्षक, शेजारी जोडीदार म्हणून दुसरा उमेदवार, आणि यूनच्या तोंडून शब्दच फुटला नाही. वेळ संपल्यावर ती उठून नमस्कार करून बाहेर आली.

आईला वाटलं, मुलगी परदेशात राहिली तर बोलायला लागेल. म्हणून ऑक्टोबरात तिला वडिलांकडे पाठवलं. त्या बाईला काय माहीत, फुजैरात दुकानदार मल्याळी, टॅक्सीवाले पठाण, आणि सगळ्यांचं एकमेकांशी बोलणं हिंदीत. यून तोवर ‘कितना’ आणि ‘खलास’ एवढे दोनच शब्द शिकली होती.

मी तिला शिकवायचं म्हणजे बोलतं करायचं, एवढंच काम होतं. मी कागद-पेन काढून घेतलं. पहिले दोन आठवडे आम्ही दोघी समोरासमोर नुसत्या बसत होतो. तिच्या कपाळावर घाम यायचा, बोटं ओढणीसारखा स्वेटरचा काठ पिळायची. मग एकदा मी भाजी फोडणीला टाकली होती, ती करपायला लागली, आणि यून एकदम म्हणाली, "टीचर, आग!" मी धावत गेले. परत आले तर ती हसत होती. "टीचर, मी क्रियापद वापरलं नाही," ती म्हणाली. त्या दिवसापासून मी तिला स्वयंपाकघरातच शिकवायला लागले. माझी पाठ तिच्याकडे असली की तिला बोलता यायचं.

मार्चपर्यंत ती बऱ्यापैकी बोलू लागली. मग बातम्या सुरू झाल्या.

चीनमध्ये कसलासा नवा ताप आला होता. सार्स म्हणत होते त्याला. टीव्हीवर तोंडाला मास्क बांधलेली माणसं, रिकामे विमानतळ. एप्रिलच्या शेवटी बीजिंगमधले आकडे एकदम फुगले आणि आमच्या बिल्डिंगचा सूर बदलला. लिफ्टमध्ये यून शिरली की बाकीचे जिन्याने जायचे. एका दुपारी नूरजहाँ दारातच उभी राहिली, आत आली नाही.

"दर्शना, बुरा मत मानना," ती म्हणाली. "वो लड़की आती है तब तक मेरी बच्चियाँ नहीं आएँगी."

"ती ऑक्टोबरपासून इथेच आहे गं. चीनला गेलेलीच नाही."

"उसके अब्बा जहाज़ों पे जाते हैं. जहाज़ कहाँ-कहाँ से आते हैं, किसको मालूम?"

खरं सांगायचं तर तोच विचार माझ्याही मनात येऊन गेला होता. यून गेल्यावर मी तिचा कप उकळत्या पाण्यात बुडवून ठेवत होते. माझी आठ वर्षांची मुलगी मुक्ता खोकली की मी लगेच तिच्या कपाळाला हात लावून बघायचे.

सुदेशला दुसरीच धास्ती होती. "दर्शना, बी प्रॅक्टिकल," तो म्हणाला. "या सार्सच्या भानगडीत कुणी कम्प्लेंट केली, तर इन्स्पेक्टर आधी विचारणार, ही पोरगी तुमच्याकडे रोज येते कशाला? मग क्लासचं निघेल. व्हिसा कॅन्सल, नोकरी खलास. तिला सांग, परीक्षा पुढच्या वर्षी दे."

मी सांगायचं ठरवलं होतं. पण दुसऱ्या दिवशी यूनच्या आधी तिचे वडील आले. मिस्टर लियांग एरवी शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावून असायचे. त्या दिवशी ते कामाच्या कपड्यांतच होते आणि उंबऱ्याच्या बाहेर, चांगली चार पावलं लांब उभे राहिले. लोक काय बोलतात ते त्यांना कळत असणार. त्यांचं इंग्रजी मोडकंतोडकं होतं.

"बायको आजारी," ते म्हणाले. "हॉस्पिटलात. तिच्याच हॉस्पिटलात. तोच ताप."

"यूनला माहीत आहे?"

"नाही. परीक्षा झाल्यावर सांगणार. आता सांगितलं तर बोलणं पुन्हा बंद. टीचर, प्लीज. शिकवा."

ते वाकले आणि निघून गेले. मी दार लावलं. परीक्षा पुढच्या वर्षी दे, हे यूनला सांगायचं राहूनच गेलं.

त्यानंतरचे दिवस मला आजही नको वाटतात. यून मास्क लावून यायची. मी सांगितलं नव्हतं, तिचं तिनेच सुरू केलं होतं. बाल्कनीचं दार उघडं टाकून ती त्याच्यापाशी बसायची, बाहेरची गरम हवा अंगावर घेत. मी तोंडी परीक्षेचे विषय काढायचे आणि प्रत्येक विषय मला भीतीचा वाटायचा. प्रवास म्हटलं तरी, घर म्हटलं तरी. एकदा विषय निघाला, तुम्हाला आदर वाटणाऱ्या व्यक्तीबद्दल बोला. ती आईबद्दल बोलायला लागली. आई रात्रपाळीहून आली की चपला बाहेर कशा काढते, रुग्णांची नावं कशी लक्षात ठेवते, सलाईन लावताना लहान मुलांना काय सांगते. इतकं सलग ती आधी कधीच बोलली नव्हती. मी ओट्याकडे तोंड करून उभी होते. ती बाई त्या क्षणी जिवंत होती की नाही, हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

यून थांबली. मग अगदी शांतपणे म्हणाली, "टीचर, माझी आई मेली का?"

मी वळले.

"दर शुक्रवारी आम्ही घरी फोन करतो. तीन शुक्रवार मावशीच घेते आहे," ती म्हणाली. "आई ड्यूटीवर आहे म्हणते. बाबा माझ्याकडे बघत नाहीत. तुम्हीही बघत नाही."

मिस्टर लियांगना मी शब्द दिला नव्हता, पण नकारही दिला नव्हता. समोर मात्र ती होती. मी म्हटलं, "मेलेली नाही. तिला तोच ताप आलाय. हॉस्पिटलात आहे. याच्यापुढचं मला माहीत नाही."

यूनने मान हलवली. पिशवी उचलली आणि गेली. त्यानंतर ती आली नाही. तिच्या वडिलांना फोन केला तर ते एवढंच म्हणाले, "बोलत नाही. माझ्याशी पण नाही." त्यांच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

परीक्षा जूनमध्ये होती, दुबईला. जेमतेम आठवडा उरला असताना बेल वाजली. यून दारात होती, चेहरा निम्मा झालेला.

"आई श्वासाच्या मशीनवर होती. आता मशीन काढलंय," ती म्हणाली. "मी तिकडे जाऊ शकत नाही. तिकीट मिळालं तरी हॉस्पिटलात घेणार नाहीत. मला करता येण्यासारखी एकच गोष्ट आहे. शिकवाल?"

सुदेश जेवायला घरी आलेला होता. मला वाटलं, आता हा काहीतरी बोलणार. तो ताटावरून उठला, हात धुतले आणि इंग्रजीत म्हणाला, "दुबईला जाणार कशी ती? त्या बाबांना सुट्टी नाही मिळायची. परीक्षा गुरुवारी आहे ना? मला सुट्टीच असते. मी नेतो गाडीने." मग मराठीत मला, "बघतेस काय? मला पण भीती वाटतेच आहे."

गुरुवारी मसाफीच्या डोंगरातून जाताना यून मागच्या सीटवर डोळे मिटून बसली होती. परीक्षेच्या इमारतीत तिने पासपोर्ट दाखवला आणि सिक्युरिटीवाल्याने तो उघडून मिटला. "वन मिनिट," म्हणून तो आत गेला. एक मध्यमवयीन बाई बाहेर आल्या, तिथल्या व्यवस्थापक. आवाज मवाळ होता त्यांचा. बाकीच्या उमेदवारांच्या पालकांनी चौकशी केली आहे, त्या म्हणाल्या; या परिस्थितीत तुम्ही डिसेंबरच्या परीक्षेला बसलात तर सगळ्यांनाच सोयीचं होईल.

मी बोलायला तोंड उघडलं. यूनने माझा हात धरला.

"मॅडम, मी ऑक्टोबरपासून चीनला गेलेली नाही. शिक्का बघा," ती म्हणाली. "हवं तर माझा ताप मोजा. हा आजार माझ्या आईला झालाय, कारण ती आजाऱ्यांची सेवा करत होती. मला झालेला नाही. मला या परीक्षेची फार भीती वाटते. मागच्या वेळी मी एक शब्द बोलले नव्हते. मला बाहेर घाबरत उभं नाही राहायचं. मला आत बसून घाबरू द्या."

त्या बाईंनी आतून थर्मामीटर आणायला सांगितलं. ताप नव्हता. त्यांनी दार उघडून धरलं.

मी आणि सुदेश गाडीत एसी लावून बसलो होतो. यून बाहेर आली ती सरळ भिंतीकडे गेली आणि उलटी केली. सुदेशने पाण्याची बाटली पुढे केली.

"काय झालं गं?" मी मराठीतच विचारलं. तिला कळलं.

"माझी जोडीदार इराणी मुलगी होती. तिने खुर्ची लांब ओढली," ती तोंड पुसत म्हणाली. "मग मी तिला प्रश्न विचारला. तिने उत्तर दिलं. मग आम्ही बोललो. काय बोललो ते आठवत नाही."

निकाल ऑगस्टात आला. ती पास झाली होती, सर्वांत खालच्या श्रेणीत. आई तोवर घरी आली होती, पण त्या आजारातल्या औषधांनी तिच्या कमरेची हाडं कमकुवत झाली आणि ती काठी घेऊन चालू लागली. यूनने विद्यापीठाचा प्रवेश सोडला आणि सप्टेंबरात बीजिंगला गेली. निघण्याआधी ती निरोप घ्यायला आली. मी तिला सोडायला उतरले तेव्हा जिन्यात नूरजहाँ भेटली. तिने बाजूला होऊन यूनला वाट दिली आणि हळूच म्हणाली, "अम्मी को सलाम कहना."

दोन वर्षांनी यूनचा फोन आला. बीजिंगच्या एका दवाखान्यात परदेशी रुग्णांसाठी दुभाषी म्हणून काम करत होती. मी विचारलं, "आता भीती गेली की नाही?"

"नाही, टीचर. रोज सकाळी पोट दुखतं," ती म्हणाली. "आमच्याकडे येणारे लोक माझ्यापेक्षा जास्त घाबरलेले असतात. त्यांना दुखतंय कुठे ते डॉक्टरला सांगायचं असतं, आणि तिथे दुसरं कुणी नसतं." मागे कुणीतरी तिला हाक मारली. "टीचर, मला जायला हवं," म्हणून तिने फोन ठेवला.