पडदा बंद करून सांगितलेली किंमत

राजारामपुरीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात काउंटरवर एक पन्नाशीचे गृहस्थ होते. लेकीच्या कॉलेजसाठी मी टेबलावर ठेवायचा कॉम्प्युटर बघायला गेले होते. ब्लाऊज शिवून साठवलेले चाळीस हजार पिशवीत होते.

त्यांनी नवा, पांढरा, पातळ कॉम्प्युटर लावला. पडद्यावर निळं पाणी हललं आणि मी बघतच राहिले. तेवढ्यात त्यांनी पडदा बंद केला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "पासष्ट हजार." शेजारचा जाड, काळाही तसाच लावून दाखवला आणि बंद केला. "अडतीस."

"बंद का करता?" मी हळूच विचारलं.

"चालू असला की गिऱ्हाइकाला किंमत ऐकूच येत न्हाय, ताई."

बंद पडद्यांकडे बघून माझा गोंधळ वाढलाच. पांढऱ्याचे हप्ते करावेत, की काळा घेऊन मोकळं व्हावं?

"तुम्हीच सांगा की," मी म्हणाले.

"मला काय इचारताय? पोरीला घेऊन या. वापरणार ती हाय की!"

लेक आली असती, तर माझ्या तोंडाकडे बघून तिनं काळाच आवडला म्हटलं असतं. म्हणून तर मी एकटी आले होते.