आमच्या घराला जिना नाही

दवाखान्याच्या त्या कागदावर सही मीच केली होती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढची दोन वर्षं ती सही मला कुसळासारखी टोचत राहिली.

माझा नवरा सेंट्रिंगचं काम करायचा. स्लॅब टाकण्याआधी खाली लोखंडी प्लेटा आणि टेकू उभे करायचे, स्लॅब पक्का झाला की काढायचे. आमचं गाव म्हसवडपासून आत. तिथं असलं काम कुठलं? म्हणून ते मिरजेला एका ठेकेदाराकडे होते, पंधरा दिवसांतून एकदा घरी यायचे. एकदा सकाळी प्लेटा काढताना टेकू निसटला आणि ते दुसऱ्या मजल्यावरून खडीच्या ढिगावर पडले.

फोन आला तशी पोरीला शेजारी ठेवून मी निघाले. दोन एसट्या बदलून मिरजेला पोचले तर मुकादम दवाखान्याच्या दारातच उभा.

"वैनी, घाबरू नका. बिल शेठ भरत्यात. फकस्त हितं सही करा."

कागदावर लिहिलं होतं, 'राहत्या घरी जिन्यावरून पडले.' मी दहावी झालेली बाई. मला वाचता येत होतं.

"आवं, ह्ये काय लिवलंय?"

"कामावर पडला म्हणून लिवलं तर पोलीस केस हुती. आपरेशन लांबंल. आदी तुमचा मानूस बघा."

आतून यांचं कण्हणं ऐकू येत होतं. मी सही केली.

मांडीत सळई घातली. टाचेचा मात्र चुरा झाला होता. डॉक्टर म्हणाले, "चालतील. पण उकिडवं बसणं आणि परांचीवर चढणं विसरायचं." शेठनी, म्हणजे त्या ठेकेदारानं, ऑपरेशनचं बिल भरलं आणि त्यानंतर फोन उचलायचं सोडलं. मुकादमानं तर नंबरच बदलला.

हे घरी पडून असायचे. भिंतीकडे तोंड करून. मी दुसऱ्यांच्या डाळिंबाच्या बागेत जायचे. एकदा टाके दाखवायला मिरजेला गेलो, तेव्हा दवाखान्यातल्या समाजसेविका बाईंनी सहज विचारलं, "घरी कसे पडले हो एवढ्या उंचावरून?" माझा बांध फुटला. सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "कामावर जखमी झालेल्या माणसाला भरपाई द्यायची असते. उपकार नव्हेत ते, कायदा आहे." आणि सांगलीच्या कोर्टात फुकट वकील मिळतो तिथं आम्हाला पाठवलं.

वकीलबाई माझ्यापेक्षा लहान. त्यांनी कामगार न्यायालयात दावा लावला. ठेकेदाराचं उत्तर आलं. हा माणूस आमच्याकडे कामाला नव्हताच, आणि दवाखान्याचा कागद सांगतो की तो घरी पडला. खाली माझी सही.

मी वकीलबाईंना म्हणाले, "माज्यामुळं बुडलं सगळं."

"जे झालं ते जसंच्या तसं सांगा. बाकी मी बघते," त्या म्हणाल्या.

यांच्यासोबत काम करणारा जतकडचा एक गडी होता. त्यानंच यांना उचलून रिक्षात घातलं होतं. तो येईल असं वाटलं नव्हतं, पण एक दिवसाची हजेरी बुडवून आला. न्यायाधीश साहेबांपुढं उभा राहून म्हणाला, "आमी दोगं येकाच फळीवर हुतो. त्यो पडला, मी ऱ्हायलो. त्येच्या जागी मी बी असतो." समोरचे वकील म्हणाले, दोस्त आहे, दोस्तासारखंच बोलणार.

मग मला बोलावलं.

"ही सही तुमचीच?"

"व्हय, माजीच."

"मग खोटं तेव्हा बोललात की आत्ता बोलताय?"

"तवा," मी म्हणाले. "आवं सायेब, आमच्या घराला जिनाच न्हाई. दोन खोल्या हायत, वर पत्रा. पत्र्यावर चडायचं तर शेजाऱ्याची शिडी मागाय लागती."

साहेबांनी लिहिता लिहिता मान वर केली. "ग्रामपंचायतीचा घराचा उतारा आहे?"

पुढच्या तारखेला उतारा दिला. त्यात लिहिलेलंच होतं, पत्र्याचं घर, तळमजला. समोरचे वकील कागद उलटापालटा करत राहिले आणि मग त्यांनी तो विषयच सोडला.

निकालाच्या दिवशी इंग्रजीतलं काहीबाही वाचलं गेलं. वकीलबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "झालं. मंजूर केलं."

मला रडू यायला लागलं. यांनी मात्र रकमेचं विचारलंच नाही. कुबडी सावरत म्हणाले, "ताई, म्या तितं कामाला हुतो, ह्ये लिवलंय का त्यात?"

त्यांनी पान उघडून एका ओळीवर बोट ठेवलं आणि मराठीत अर्थ सांगितला. यांनी तो पुन्हा सांगायला लावला. दोन वर्षांत ऐकत आलेलं 'हा आमचा माणूसच नाही' यांच्या किती आत रुतलं होतं, ते मला तिथं कळलं.

रक्कम पुढं बँकेत जमा झाली. तिच्यातून गावात पिठाची गिरणी टाकली. हे स्टुलावर बसून चालवतात आणि बायांशी दळणाच्या नंबरावरून हुज्जत घालतात. पण मला विचाराल तर त्या सहीच्या टोचणीतून मी सुटले ती निकालाच्याच दिवशी. सांगलीच्या स्टँडवर यांनी पोरीसाठी भडंग घेतलं, आणि अर्धं आम्हीच संपवलं. एसटी विट्याच्या पुढं गेली तसा माझा डोळा लागला. म्हसवड आलं म्हणून कंडक्टर ओरडला तेव्हा माझं डोकं यांच्या खांद्यावर होतं आणि हे जराही न हलता बसून होते.

"पाय अवगडला आसंल की," मी म्हणाले.

"आसू दे," ते म्हणाले. "लय दिवसांनी घोरलीस."